‘लग्न होईपर्यंत गोळ्यांचं कुणाला कळू देऊ नको’

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी पंचवीस वर्षांची, पुण्यात नोकरीला, तीन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहणारी. मार्गशीर्षात तिची सुपारी फुटली आणि वैशाखातला मुहूर्त धरला. त्यानंतर तिचा खोकला हटेना, संध्याकाळी कणकण येऊ लागली, वजन उतरलं. थुंकीच्या तपासणीत फुप्फुसाचा टीबी निघाला. उपचार सुरू होऊन दोन महिने झालेत आणि नव्या तपासणीत थुंकीत जंतू सापडलेले नाहीत. मुलगी सध्या गावी राहून घरूनच काम करते. खरं काय ते फक्त आईवडिलांना ठाऊक आहे. थोरला मुलगा, सून आणि तीन वर्षांचा नातू त्याच घरात राहतात, त्यांना ‘निमोनिया झालाय’ एवढंच सांगितलं आहे. मुलीचं ताट-वाटी वेगळं आहे, दही-केळं बंद आहे. गावात बभ्रा नको म्हणून औषधं दूरच्या शहरातल्या खासगी डॉक्टरांकडून आणली जातात. मुलगी म्हणते, ‘मी त्याला स्वतः सांगणार.’ आई म्हणते, ‘लग्न होईपर्यंत गोळ्यांचं कुणाला कळू देऊ नको, नंतरच्या मी व्हिटॅमिनच्या डबीत भरून देईन. आमच्या सात पिढ्यांत हा रोग नाही, लोक काय म्हणतील?’ आईचा प्रश्न असा आहे: हिला समजवायचं कसं?

ताई,

तुमच्या मुलीला समजावण्याचं काम माझ्याच्यानं होणार नाही, कारण मला तिचंच म्हणणं पटलं आहे. तुमची भीती मात्र मी उडवून लावत नाही. नवऱ्या मुलाला टीबी होऊन गेला असेल तर ‘आता ठणठणीत आहे हो’ एवढ्यावर भागतं. मुलीच्या बाबतीत तेच वाक्य कुणी पुरतं ऐकूनही घेत नाही. टीबी झालेल्या सुनेला ‘बरी होईस्तोवर’ माहेरी धाडायचं आणि मग न्यायला कुणी फिरकायचंच नाही, असं घडतं. तुम्ही ते आजूबाजूला पाहिलं असणार, म्हणून तर हे पत्र आलं.

पण आधी नातवाचं बोलू. तो तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन जातो, आणि मी त्या ओळीपाशीच अडकले.

घरात कुणाच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले की घरातल्या प्रत्येकाची तपासणी व्हायला हवी, आणि त्यातही पाच वर्षांखालच्या मुलांची सगळ्यात आधी. एवढ्या लहान वयात संसर्ग झाला तर आजार लवकर उमटतो आणि मेंदूपर्यंतही जाऊ शकतो. ‘त्याला बीसीजी टोचलंय’ असं तुमच्या मनात आलं असेल. बीसीजीची लस लहान मुलांना या गंभीर प्रकारांपासून बरंच वाचवते, पण टीबी होणारच नाही अशी हमी देत नाही. आजार नाही अशी खात्री झाली की अशा मुलांना तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देतात. औषध कोणतं आणि किती दिवस, हे वयावर आणि वजनावर डॉक्टर ठरवतात. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. आता हे औषध तुमच्या नातवाला कसं मिळणार? त्याच्या आईला घरात निमोनिया आहे असंच वाटतंय. तुमच्या सुनेला खरं कळणं हा तिच्या लेकराच्या तब्येतीचा प्रश्न आहे, आणि तो गावातल्या बभ्र्याच्या कितीतरी आधी येतो.

तुमच्या यजमानांना साखर आहे, असं तुम्ही लिहिलंय. मधुमेहात टीबीचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो, म्हणजे तेही यादीत वरच आले. तुम्ही स्वतःही तपासून घ्या. पुण्यातल्या खोलीतल्या तीन मैत्रिणींचा तर पत्रात पुढे उल्लेखच नाही. मुलगी खोकत होती ते सगळे आठवडे त्या चौघी एका खोलीत, बहुधा खिडक्या लावून झोपत होत्या. त्यांना मुलीने फोन करायला हवा. अवघड फोन आहे, पण ‘मला टीबी निघालाय, तुम्ही एकदा तपासून घ्या’ यापेक्षा जास्त काही बोलावं लागत नाही.

आता ताट-वाटीकडे येते. टीबी भांड्यांतून, कपड्यांतून, जेवणातून किंवा हात लावल्याने पसरत नाही. तो हवेतून पसरतो. आजारी माणूस खोकतो, बोलतो तेव्हा जंतू बंद खोलीच्या हवेत तरंगत राहतात आणि तिथे बराच वेळ असलेल्याच्या श्वासातून आत जातात. योग्य औषध लागू पडलं की साधारण दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांची संसर्ग पसरवण्याची ताकद जवळजवळ संपते. तुमच्या मुलीच्या तर थुंकीतही आता जंतू नाहीत. म्हणजे घराला खरा धोका होता तो निदानाच्या आधी, सगळे एका ताटात जेवत होते आणि कुणालाच काही ठाऊक नव्हतं तेव्हा. वेगळं ताट त्यानंतर आलं. त्याने कुणाचं रक्षण होत नाही, फक्त मुलीला रोज दोनदा आठवण होते की आपण वेगळ्या आहोत.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. १९५६ पासून मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, एक मोठा प्रयोग झाला. फुप्फुसाच्या टीबीच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला वर्षभर सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात ठेवलं: विश्रांती, चांगलं जेवण, मोकळी हवा. दुसऱ्या गटाने तीच औषधं स्वतःच्या घरी, गरीब वस्तीतल्या दाटीवाटीच्या खोल्यांत राहून घेतली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की घरचे रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना सॅनेटोरियमवाल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झाली नव्हती. जगभर टीबीचे उपचार घरी होऊ लागले त्यात या भारतीय प्रयोगाचा मोठा वाटा आहे. पाचगणीची थंड हवा आणि मिरजेजवळचं वॉन्लेसवाडीचं सॅनेटोरियम ही आपल्या आजी-आजोबांच्या पिढीची गरज होती. तुमच्या स्वयंपाकघरातलं वेगळं ताट त्या काळातून आलंय आणि औषधं येऊन इतकी वर्षं झाली तरी मांडणीवरून हललेलं नाही.

आणि ते दही-केळ्याचं पथ्य सोडा. टीबीत खाण्याचं पथ्य नसतं, उलट भरपूर खावं लागतं: डाळी, उसळी, अंडी, दूध, शेंगदाणे आणि दहीसुद्धा. दारू तेवढी नको, कारण या औषधांचा यकृतावर ताण असतोच. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरांना महिन्याला जास्तीचं धान्य आणि डाळ देऊन पाहिली. २०२३ मध्ये त्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्या घरांत सगळ्यांनाच शिधा मिळाला, तिथे बाकीच्या माणसांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी राहिलं. म्हणजे मुलीसाठी तुम्ही अंडी आणाल तेव्हा सगळ्यांसाठी आणा.

‘सात पिढ्यांत हा रोग नाही’ हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. टीबी पिढ्यांतून येत नाही, जंतूतून येतो, आणि तो जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच जगाला दाखवला. देशातल्या साधारण दर तीन प्रौढांपैकी एकाच्या शरीरात तो निपचित पडलेला असतो. त्यातल्या दहाजणांपैकी नऊजणांना आयुष्यभर काही होत नाही. उरलेल्या एखाद्याची प्रतिकारशक्ती कधी कमी पडते, मग तो आजारी पडतो. यात घराण्याची अब्रू कुठे आली? थोरले माधवराव पेशवे राजयक्ष्म्याने, म्हणजे टीबीनेच, अवघ्या सत्तावीस वर्षांचे असताना थेऊरला गेले. आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन अमेरिकेहून परतल्या आणि बावीस वर्षं पूर्ण होण्याआधीच याच रोगाने गेल्या. त्यांच्यापाशी औषध नव्हतं, तुमच्या मुलीपाशी आहे आणि ते लागूही पडतंय. पुराणात चंद्रालाही क्षय दक्षाच्या शापानेच झाला. रोग म्हणजे कुणाच्या तरी कर्माचं फळ, ही समजूत इतकी जुनी आहे, म्हणून ती एका पत्राने जाईल अशी आशा मी धरत नाही. तुमच्या घरातून गेली तरी पुरे.

औषधांबद्दलही एक शंका आहे. तुम्ही लांबच्या शहरातून औषधं आणता, कारण सरकारी दवाखान्यात नाव लागलं की गावभर होईल असं तुम्हाला वाटतं. पण खासगी डॉक्टरांनीही प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून बंधनकारक आहे. म्हणजे मुलीचं नाव बहुधा ‘निक्षय’ या सरकारच्या टीबी नोंदणी यंत्रणेत आधीच चढलं असेल. तसं असेल तर तिचा निक्षय क्रमांक डॉक्टरांकडून मागून घ्या. त्यावर उपचार देशात कुठेही वर्ग करता येतात. उद्या ती पुण्याला परतली तर तिथल्या केंद्रातून तीच औषधं मोफत मिळतील. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये तिच्या खात्यात जमा होतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते). खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यांनाही ते मिळतात. आरोग्यसेविका घरी येईल याची धास्ती असेल तर तिलाच फोनवर सांगा, ‘घरी येऊ नका, आम्हीच येऊन भेटतो.’ बहुतेक जणी समजून घेतात. समजून न घेणारीही एखादी भेटते, तेव्हा तिच्या वरच्या अधिकाऱ्याशी बोलायला संकोच करू नका.

आता लग्न.

वैशाखात लग्न झालं तर त्यानंतर जवळपास तीन महिने गोळ्या शिल्लक राहतात. त्या तीन महिन्यांचं चित्र डोळ्यांपुढे आणा. हळद, गोंधळ, देवदर्शन, मग कुठेतरी फिरायला जाणं, आणि या सगळ्यात रोज सकाळी लपूनछपून गोळ्या घ्यायच्या. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी केशरी होते, हे नव्या घरातल्या एकाच संडासात किती दिवस लपणार? व्हिटॅमिनच्या डबीतली गोळी जाऊबाई सहज उघडून बघते, ‘मला पण दे गं एक’ म्हणते. एखादी मळमळ झाली की सासूबाई दुसराच अर्थ काढणार. आणि एक गोष्ट, जी आईने मुलीला सांगायलाच हवी: रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. उपचार पूर्ण होईपर्यंत दिवस जाऊ नयेत असंच डॉक्टर सुचवतात. त्यासाठी दुसरा उपाय लागतो आणि त्याबद्दल नवऱ्याशी बोलावं लागतं. काय कारण सांगून बोलेल ती?

या धांदलीत गोळ्या चुकतात. दोन महिन्यांनी खोकला थांबतो, वजन भरतं, माणसाला बरं वाटतं आणि हळूहळू डबी मागे पडते. अर्धवट राहिलेल्या उपचारांतून औषधांना न जुमानणारा टीबी तयार होतो. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये जवळपास कुठलंच औषध लागू न पडणारे रुग्ण नोंदवले, तेव्हा सगळा देश हादरला होता. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार आणि महिनोन्‌महिने इंजेक्शनं लागत, काहींना कायमचं ऐकू येईनासं होई. आता बऱ्याच रुग्णांसाठी सहा महिन्यांचा नवा उपचार आला आहे, तरी त्या वाटेला जावं लागू नये हेच बरं. तुम्ही मुलीचं लग्न वाचवायला निघाला आहात, पण ही डबी तिचं बरं होणंच धोक्यात घालते आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगते. हिंदू विवाह कायद्यात टीबी हा घटस्फोटाचा आधार नाही. पण महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली, असा दावा लावून लग्न रद्द करून मागण्याची वाट त्या कायद्यात आहे. तुमच्या प्रकरणात कोर्ट काय म्हणेल, हे वकीलच सांगू शकतील. ज्या लपवाछपवीने लग्न टिकावं असं तुम्हाला वाटतं, तीच उद्या समोरच्याच्या हातातला कागद होऊ शकते, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

म्हणून माझं म्हणणं असं की मुहूर्त पुढे ढकला आणि त्या मुलाला सांगा. ढकलायचा तर फार लांबही जावं लागत नाही. उपचार आषाढाच्या आसपास संपतील. चातुर्मासात आपल्याकडे लग्नं होतच नाहीत, तुळशीचं लग्न लागलं की नवे मुहूर्त निघतात. गावाला सांगायला ‘तब्येत सुधारू दे, मग करू’ एवढं पुरतं आणि ते खोटंही नाही. टीबी हा शब्द गावाला सांगायला तुम्ही बांधील नाही. शेजारच्या काकूंना, मुलीच्या ऑफिसातल्या सगळ्यांना, भिशीतल्या बायकांना तो कळायलाच हवा असं काहीही नाही. कळायला हवं ते ज्यांच्या तब्येतीचा संबंध आहे त्यांना आणि ज्याच्याबरोबर तिला आयुष्य काढायचं आहे त्याला. तुमच्या मनात ही दोन वर्तुळं एकमेकांत मिसळली आहेत. त्यामुळे एकाला सांगितलं की सगळ्या गावाला सांगितल्यासारखं तुम्हाला वाटतं.

सांगायचं कसं? मध्यस्थामार्फत तर अजिबात नको. तिथून ही गोष्ट त्याच्या घरी पोचेपर्यंत तिचं काय होईल ते तुम्हीच जाणता. मुलीने त्या मुलाला एकट्याला भेटावं. रात्री उशिरा लांबलचक मेसेज लिहून नव्हे, समोर बसून. थुंकीचे दोन्ही अहवाल जवळ ठेवावेत, पहिला आणि आताचा. बोलणं साधं असू दे: ‘सुपारीनंतर मला फुप्फुसाचा टीबी निघाला. दोन महिने औषध चालू आहे, आता थुंकीत जंतू नाहीत, माझ्यापासून लागण होण्याची भीती डॉक्टरांच्या मते उरलेली नाही. अजून चार महिने गोळ्या आहेत. लग्न त्यानंतर करावं असं मला वाटतं. तुला काही विचारायचं असेल तर आपण दोघं माझ्या डॉक्टरांकडे जाऊ.’ अपराध्यासारखी माफी मागू नये, तिने गुन्हा केलेला नाही. आणि त्याने लगेच ‘हो’ म्हणावं असा आग्रहही धरू नये. त्याला चार-आठ दिवस द्यावेत. तो घाबरेल, गुगल उघडेल, त्यात भलतंसलतं वाचेल. म्हणूनच डॉक्टरांची भेट महत्त्वाची. या काळात तोही तिला भेटला असेल आणि त्याला खोकला असेल तर त्यानेही तपासून घ्यावं, हेही तिनेच सांगितलेलं बरं.

घरच्यांना केव्हा सांगायचं हे त्या दोघांनी ठरवावं. सासूबाईंचा पहिला प्रश्न बहुधा ‘मूलबाळ होईल ना?’ हाच असेल. त्याचं उत्तर तयार ठेवा: बायकांत मूल होण्याला अडसर येतो तो मुख्यतः गर्भाशयाच्या आणि नळ्यांच्या टीबीमुळे, तो वेगळा प्रकार. फुप्फुसाचा टीबी पूर्ण बरा झाला की बाळंतपणं इतरांसारखीच होतात. तुमच्या मुलीची शंका तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या, म्हणजे सांगताना आवाज चाचरणार नाही.

आणि समजा, त्या लोकांनी सुपारी परत केली? तसं होऊ शकतं. होणार नाही असा शब्द मी तुम्हाला देऊ शकत नाही. मुलीला त्रास होईल, तुम्हाला त्याहून जास्त होईल, चार माणसं कारण विचारतील. पण ज्या घरी सहा महिन्यांच्या बऱ्या होणाऱ्या आजाराला जागा नाही, तिथे पुढच्या आजारपणांना, बाळंतपणांना, म्हातारपणांना किती जागा असेल याचा विचार करा. सुपारी परत आलेली मुलगी तुमच्या घरी, स्वतःच्या नोकरीवर, औषध पूर्ण करत असेल. कळल्यावर सासरहून परत पाठवलेली मुलगी कुठल्या अवस्थेत येईल, तेही मनात आणून पाहा.

एक मात्र मला तुमच्या पत्रात फार मोलाचं वाटलं. मुलगी म्हणते, ‘मी स्वतः सांगणार.’ आजार तिचा आहे, लग्न तिचं आहे, आणि हे सांगण्याची हिंमत तिच्यात आपसूक आली आहे. ती हिंमत तिला तुमच्याच घरातून मिळाली असेल ना? मग तिला थांबवू नका. तिला हवं असेल तर सोबत जा, बाहेर बाकावर बसा.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, विनाकारण उतरलेलं वजन, रात्रीचा घाम किंवा बेडक्यातून रक्त यांतलं काही असेल तर थुंकीची तपासणी करा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या तपासण्यांत जंतू आहे का हे काही तासांत कळतं, आणि रिफाम्पिसिन लागू पडेल का हेही. यातली ट्रूनॅट गोव्यातल्या एका कंपनीने तयार केली आहे. रक्त तपासून टीबी ‘पकडणाऱ्या’ अँटीबॉडी चाचण्यांवर २०१२ पासून बंदी आहे, कुणी सुचवली तर पैसे घालवू नका. औषधं चालू असताना डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, हातापायाला मुंग्या आल्या किंवा नजर अंधुक झाली, तर गोळ्या मनाने बंद करू नका आणि सहनही करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. निक्षयची मोफत मदतवाहिनी १८००-११-६६६६ आहे. तिथे नाव न सांगताही प्रश्न विचारता येतो.

तर ताई, या आठवड्यात सुनेला घेऊन बसा. खरं काय ते तिला तुम्ही सांगा, मुलीला सांगायला लावू नका. ती चिडेल, दोन महिने का लपवलं म्हणून विचारेल, आणि तो राग तिचा हक्कच आहे. दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन सगळे तपासणीला जा. जाताना मुलीच्या पहिल्या अहवालाची झेरॉक्स आणि निक्षय क्रमांक सोबत असू द्या, म्हणजे तिथे पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही. मुहूर्ताचं भटजींशी बोलणं त्यानंतर.